इंजिन चालू, तर बॅटरीच्या तारेला हात नाही



कुणाच्या तव्यावर भाकरी असेल, कुणी धारा काढून नुकतीच टेकली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज बोलायचं आहे गाडीबद्दल. गाडी चालवायची कशी ते नाही. गाडीतली वीज सांभाळायची कशी, ते.

तुम्ही म्हणाल, हे तर गॅरेजवाल्याचं काम. पण बघा, आता गाड्या कुणाच्या नावावर आहेत? कुठल्या गटाने भाड्याने द्यायला ट्रॅक्टर घेतलाय, कुठे दूध गोळा करायला पिकअप आहे, कुठे एखादी ताई ई-रिक्षा चालवते, तर कुणाची लेक स्कूटीवर कॉलेजला जाते. कर्जाच्या कागदावर सही आपली आहे. महिना भरला की हप्ता आपल्याला भरायचा आहे. मग गाडीचं काय बिघडतं आणि का बिघडतं, हे थोडं आपल्यालाही कळायला हवं.

आमच्या गटाची एक गोष्ट सांगते. आमची दुधाची पिकअप आहे. थंडीचे दिवस होते. पहाटे गाडी सुरूच होईना. बॅटरी उतरली होती. कशीबशी धक्का मारून सुरू केली. दूध गोळा करून येताना ड्रायव्हरने गाडी एका मेकॅनिककडे उभी केली. मेकॅनिक म्हणाला, “अल्टरनेटर चार्जिंग करतो का नाही ते बघू.” गाडी चालूच होती. त्याने पाना घेतला, बॅटरीच्या टर्मिनलचा नट सैल केला आणि तार उचलून बाजूला केली. म्हणाला, “गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला. बंद पडली तर खराब.”

गाडी बंद पडली. पण बंद पडायच्या आधी डोळ्याचं पातं लवावं तेवढा वेळ समोरच्या मीटरचे सगळे दिवे लख्ख झाले, आणि मग सगळा अंधार. त्यानंतर ती गाडी ओढूनच न्यावी लागली. अल्टरनेटर गेला, आणि इंजिनचा कारभार बघणारी कॉम्प्युटरची पेटीही गेली. त्या दिवशीचं दूध वेळेत पोचलं नाही, ते नासलं. दुरुस्तीला आमचे दोन हप्ते होतील एवढे पैसे गेले. आणि मेकॅनिक म्हणाला, “तुमची गाडीच तसली निघाली.” आम्ही ऐकून घेतलं. काय बोलणार? कुणालाच माहीत नव्हतं.

तो मेकॅनिक वाईट माणूस नाही, बरं का. त्याला त्याच्या उस्तादाने तसंच शिकवलं होतं. पूर्वीच्या गाड्यांना, ट्रॅक्टरना डायनामो असायचा. गाडीत चार बल्ब, एक हॉर्न आणि एक स्टार्टर, एवढीच वीज. तिथे ही युक्ती खपून जायची. आता तसं राहिलं नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या गाड्या बीएस-६ च्याच विकल्या जातात. त्यांच्यात डिझेल किती सोडायचं, धूर किती होऊ द्यायचा, हे सगळं कॉम्प्युटर ठरवतो. गाडी नवी झाली, पण गॅरेजमधली सवय जुनीच राहिली. आणि त्या सवयीचं बिल आपण भरलं.

मग नेमकं झालं काय? ते आपल्या शेतातल्या उदाहरणावरून समजून घेऊ.

विहिरीवर मोटार चालू आहे. पाणी पाइपातून हौदात पडतंय. आता कुणीतरी अचानक हौदाच्या तोंडाचा व्हॉल्व्ह खटकन बंद केला. काय होतं? पाइप सांध्यातून निघतो, नाहीतर कमकुवत जागी फुटतो. पाणी जोरात पुढे येत होतं, त्याला जायला जागा उरली नाही, म्हणून दाब एकदम चढला.

गाडीतही तसंच आहे. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर म्हणजे आपली मोटार. तो वीज तयार करतो. बॅटरी म्हणजे हौद. आपल्याला वाटतं बॅटरी फक्त गाडी सुरू करायला असते. तसं नाही. गाडी चालू असतानाही अल्टरनेटरची जास्तीची वीज बॅटरी आपल्या पोटात घेत असते. ती असते म्हणून गाडीतला विजेचा दाब एका पातळीवर राहतो. हा दाब आपण व्होल्टमध्ये मोजतो.

आता चालू गाडीत बॅटरीची तार काढली, की हौदच गेला. अल्टरनेटर जोरात वीज ढकलत असतो, त्याला क्षणात थांबता येत नाही. त्याच्यावर नजर ठेवणारा रेग्युलेटर असतो, पण त्याला सावरायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात दाब उसळतो. किती? १२ व्होल्टच्या गाडीसाठी आंतरराष्ट्रीय चाचणीच्या नियमात ही उसळी, ती आवरायची काही सोय नसेल तर, ७९ ते १०१ व्होल्ट धरलेली आहे. म्हणजे १२ च्या जागी १००. टिकते ती अर्ध्या सेकंदाहूनही कमी. पण कॉम्प्युटरची पेटी, डिजिटल मीटर, अल्टरनेटरच्या आतले डायोड यांना जाळायला तेवढा वेळ पुरतो.

बऱ्याच नव्या अल्टरनेटरमध्ये ही उसळी थोपवणारे खास डायोड बसवलेले असतात. ते बरंचसं झेलतात. पण घराला कडी आहे म्हणून कुणी चोराला बोलावत नाही. म्हणून आजचा पहिला नियम, आणि हा एकच लक्षात राहिला तरी माझं आजचं बोलणं कारणी लागलं: इंजिन चालू असताना बॅटरीच्या तारेला हात लावायचा नाही. आपण नाही, ड्रायव्हरने नाही, मेकॅनिकनेही नाही.

पण मैत्रिणींनो, तार फक्त हातानेच सुटते असं नाही. ती आपोआपही सुटते.

आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत. शेतातली ढेकळं, पाणंद, खड्डे. त्यात बॅटरी तिच्या पट्ट्यात घट्ट बांधलेली नसेल, टर्मिनल सैल असेल, तर प्रत्येक हादऱ्याला तार क्षणभर सुटते आणि पुन्हा टेकते. मेकॅनिकने एकदा केलं, ते सैल टर्मिनल दिवसातून कितीदा तरी करतं. गाडी चालताना दिवे मधेच उघडझाप करत असतील, हादरा बसला की मीटर विझून पुन्हा लागत असेल, तर आधी टर्मिनल बघा.

बघायचं कसं? गाडी बंद. किल्ली काढून आपल्या हातात. मग टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर सैल आहे. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर वीज नीट जात नाही. ती साफ करायला महागडं काही लागत नाही. खायचा सोडा पाण्यात कालवा, जुन्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. मात्र सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. आणि ती भुकटी हाताला लागली तर लगेच धुऊन टाका, डोळ्याला हात लावू नका. तिच्यात ॲसिड असतं.

तार काढायची वेळ आलीच, तर तिचा क्रम आहे. लिहून घ्या. इंजिन बंद, दिवे बंद, किल्ली बाहेर. नव्या गाडीत किल्ली काढल्यावर पाचेक मिनिटं थांबा, कारण काही यंत्रणा गाडी बंद झाल्यावरही थोडा वेळ काम करत असतात. मग आधी काळी तार काढायची, म्हणजे वजा खुणेची. नंतर लाल, म्हणजे अधिक खुणेची. बसवताना उलटं. आधी लाल, शेवटी काळी. काढताना काळी पहिली, बसवताना काळी शेवटची.

असं का? काळी तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॉडीला जोडलेली असते. काळी जोडलेली असताना लाल सोडायला गेलो आणि पाना चुकून पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. काळी आधीच काढली असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही.

आणि आपल्यासाठी एक खास गोष्ट. बॅटरीजवळ काम करताना हातातल्या सोन्याच्या पाटल्या, धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र पदराच्या आत घ्या, ते लोंबू देऊ नका. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं. पण अंगठी किंवा बांगडी एका बाजूला टर्मिनलला आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याला टेकली, तर ती क्षणात लाल होते आणि कातडी भाजते. काचेच्या बांगड्यांतून वीज जात नाही, पण त्या फुटतात. तेव्हा हात मोकळेच बरे.

आता तुम्ही विचाराल, तार काढायची नाही, तर मग अल्टरनेटर चार्जिंग करतोय का, हे कळायचं कसं?

त्यासाठी मल्टिमीटर असतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. गटाने एक घेऊन ठेवावा. वापरायला सोपा आहे. मीटरचं चाक डीसी व्होल्टच्या २० या आकड्यावर ठेवायचं. लाल टोक बॅटरीच्या अधिक खुणेला, काळं टोक वजा खुणेला. आणि आकडा वाचायचा. ज्या ताईला ताप मोजायचं थर्मामीटर वाचता येतं, तिला हेही येतं.

आकडे सांगते, सावकाश लिहून घ्या. हे १२ व्होल्टच्या बॅटरीचे आहेत. रात्रभर गाडी बंद राहिली असेल, तर सकाळी भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ दिसायला हवं. १२ च्या खाली गेलं तर बॅटरी उतरलेली आहे. मग गाडी सुरू करा, थोडी रेस द्या आणि पुन्हा बघा. बहुतेक गाड्यांत आता १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवं. १३ सुद्धा होत नसेल, तर चार्जिंग नीट होत नाही. आणि १५ च्या वर जात असेल तर थांबा. दाब जास्त होतोय. रेग्युलेटर गेला असण्याची शक्यता आहे.

हा दुसऱ्या प्रकारचा धोका बरं का. पहिला धोका उसळीचा, एका क्षणाचा. हा धोका सतत जास्त दाबाचा. चूल मोठी ठेवून भात विसरावा तसा. लगेच काही फुटत नाही, पण सगळं हळूहळू करपतं. मीटर नसला तरी त्याची लक्षणं ओळखता येतात. गाडीचे बल्ब सारखे उडतात. रेस दिली की हेडलाइट जास्तच प्रखर होतो. बॅटरीतलं पाणी लवकर आटतं. बॅटरी गरम लागते, फुगते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा वास आला तर जवळ काडी पेटवायची नाही, बिडी नाही. गाडी बंद करून मोकळ्या हवेत ठेवायची आणि मेकॅनिकला बोलवायचं. स्कूटी आणि मोटारसायकललाही हेच लागू आहे. तिथे रेग्युलेटर-रेक्टिफायर नावाचा एक भाग असतो, तो बिघडला की बल्बमागून बल्ब जातात. तिसऱ्यांदा बल्ब बदलण्याआधी विचारा, “दादा, व्होल्ट किती येतात ते मीटरवर दाखवा.”

काही जणी म्हणतील, पण गाडीत फ्यूज असतात ना? असतात. पण फ्यूज हा प्रवाहाचा राखणदार आहे, दाबाचा नाही. वायर एकमेकींना टेकल्या, प्रवाह फार वाढला, तर तो स्वतः जळून वायर वाचवतो. क्षणाची उसळी त्याला दिसायच्या आत निघून जाते. तरीही फ्यूजशी खेळू नका. १० चा फ्यूज लाल असतो, १५ चा निळा, २० चा पिवळा. जो गेला तोच आकडा परत बसवायचा. जाडा फ्यूज किंवा तांब्याची तार बसवली तर पुढे आग वायरिंगला लागते.

आता तीन प्रसंग सांगते, जिथे आपल्या गावात गाडीची वीज हमखास बिघडते.

पहिला प्रसंग, दुसऱ्या गाडीवरून जंपर लावणं. आधी बघायचं की दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या सारख्या व्होल्टच्या आहेत. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात. ट्रकवरून आपल्या १२ व्होल्टच्या पिकअपला जंपर दिला, तर दुप्पट दाब. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत, आणि जोडताना दोन्ही बंद हव्यात. लाल केबलचं एक टोक बंद पडलेल्या गाडीच्या अधिकला, दुसरं चांगल्या गाडीच्या अधिकला. काळ्या केबलचं एक टोक चांगल्या गाडीच्या वजाला. आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर तिच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक जोडताना ठिणगी पडते आणि बॅटरीतून निघणारा वायू पेटतो, म्हणून लांब. लाल-काळं उलटं झालं तर अल्टरनेटरचे डायोड गेलेच समजा. घाई असली तरी खूण दोनदा बघा, रंगावर जाऊ नका. कुणीतरी मधे केबल बदललेली असते.

मग चांगली गाडी सुरू करून पाचेक मिनिटं चालू द्या आणि नंतर दुसरी सुरू करा. सुरू झाली की आनंदाने लगेच रेस देऊ नका आणि केबल ओढून काढू नका. दोन्ही गाड्या संथ चालू ठेवा. केबिनमध्ये हवेचा पंखा असेल तर तो लावा, म्हणजे केबल काढताना येणारा झटका तो थोडा खातो. मग जोडल्याच्या उलट क्रमाने एकेक टोक काढा. या केबल काढताना आपल्या गाडीची स्वतःची बॅटरी तिच्या तारांना जोडलेलीच राहते, हे विसरू नका. आपला नियम तिथेही मोडत नाही. आणि पूर्ण उतरलेली बॅटरी दुकानात नीट चार्ज करून घ्या. सगळा भार अल्टरनेटरवर टाकू नका.

दुसरा प्रसंग, वेल्डिंग. ऊसतोड सुरू व्हायच्या आधी ट्रॉल्या दुरुस्तीला जातात. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असते, तिच्या दिव्यांची वायर ट्रॅक्टरमध्ये खोचलेली असते, आणि वेल्डर तशीच वेल्डिंग सुरू करतो. वेल्डिंगचा प्रवाह फार मोठा असतो. त्याला परतीची वाट मिळाली पाहिजे. ती नीट नसेल तर तो ट्रॅक्टरच्या वायरिंगमधून वाट काढतो. म्हणून ट्रॉली सोडून बाजूला घ्या, दिव्यांची पिन काढा. वेल्डिंग ट्रॅक्टरवर किंवा पिकअपच्या हौद्यावरच करायचं असेल, तर किल्ली बाहेर, आधी काळी तार, मग लाल तार काढून ठेवा. नव्या गाडीत कॉम्प्युटरच्या पेटीची पिनही काढावी लागते, ती कोणती ते गाडीच्या पुस्तिकेत बघा किंवा शोरूमला फोन करून विचारा. आणि वेल्डरला सांगा, अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ, रंग खरवडलेल्या लोखंडावर लावा. बाजारात वेल्डिंगच्या वेळी बॅटरीला लावायचे सर्ज प्रोटेक्टर मिळतात. ते असले तर चांगलंच, पण ते आहेत म्हणून तार काढायचा आळस करायचा नाही.

तिसरा प्रसंग आपल्या घरातच आहे. ई-रिक्षा, इलेक्ट्रिक स्कूटी घरच्या विजेवर चार्ज होते. इथे उसळी गाडीतून येत नाही, डीपीवरून येते. लाइट जाते आणि येते, तेव्हा दाब खालीवर होतो. म्हणून लाइट गेली की चार्जरचा प्लग काढून ठेवा. आली की पाच मिनिटं थांबा, घरातला बल्ब एकसारखा जळतोय हे बघा, मग लावा.

त्याहून वाईट म्हणजे डीपीचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटणं. अशा वेळी काही घरांत २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या जवळपास दाब येऊ शकतो. त्याची खूण लक्षात ठेवा: आपल्याकडचे दिवे अचानक डोळे दिपवतील इतके प्रखर होतात आणि शेजारणीकडचे मिणमिणतात, किंवा उलट. असं दिसलं की आधी घराचा मेन स्विच बंद करा, मग शेजारी आवाज द्या आणि वायरमनला कळवा. स्वतः खांबावर किंवा डीपीवर कुणालाही चढू देऊ नका.

बोर्डावर एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तीही फ्यूजसारखी प्रवाहच बघते. क्षणाच्या उसळीसाठी सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस असतं, आणि सतत जास्त दाबासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ. दोन्हींची कामं वेगळी आहेत, गाडीतल्या दोन धोक्यांसारखीच. परवाना असलेल्या वायरमनकडून बसवून घ्या. सर्ज प्रोटेक्शनला चांगली अर्थिंग नसेल तर त्याचा काही उपयोग नाही, कारण जास्तीची वीज त्याने सोडायची कुठे? तेव्हा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या बोर्डात कोंबू नका, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा. जिथे चार्जिंग चालतं तिथे दिवा-उदबत्ती नको. आणि ई-रिक्षाची बॅटरी उघडून मोजायला जाऊ नका. चार बॅटऱ्या जोडल्या की ४८ व्होल्ट होतात. ते काम माहीतगाराचं.

वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की प्लग आधीच काढा. वीज डोक्यावर कडाडायला लागल्यावर बोर्डाला हात लावायला जाऊ नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं “दामिनी” नावाचं ॲप मोबाइलवर घेता येतं, ते जवळपास वीज पडत असल्याचा इशारा देतं. आणि शेतात असाल तर उघड्या ट्रॅक्टरवर किंवा त्याच्या आडोशाला थांबू नका. रबराचे टायर विजेपासून वाचवत नाहीत. पक्क्या घरात जा. गाडीचं नंतर बघू, आधी जीव.

मैत्रिणींनो, आमच्या गटाने त्या बिलानंतर काय केलं ते सांगते आणि थांबते. आम्ही एक वही केली. बचतीच्या वहीसारखीच, गाडीची वही. महिन्याच्या बैठकीला हप्त्याचा हिशोब झाला की दोघी जणी उठतात. टर्मिनल हलवून बघतात, मीटर लावतात आणि दोन आकडे लिहितात: गाडी बंद असतानाचा आणि गाडी चालू असतानाचा. पाच मिनिटांचं काम. पहिल्यांदा ड्रायव्हर हसला. म्हणाला, “बायांनो, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?” आमच्या गटातल्या मावशी शाळा फार शिकलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “कळत नव्हतं म्हणून तर पैसे गेले. आता कळून घेतोय.”

मधे एकदा चालू गाडीचा आकडा १४.२ वरून १५.१ झाला. वहीत मागचे आकडे होते, म्हणून फरक लगेच दिसला. रेग्युलेटर वेळेत बदलला. दुसरं काही जळलं नाही. तो बदलायला गाडी त्याच मेकॅनिककडे नेली होती. त्याने सवयीने पाना उचलला, तशा मावशी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “दादा, चालू गाडीची तार काढायची नाही. हा घ्या मीटर.” त्याने मीटर घेतला. आता त्याच्याकडे स्वतःचा मीटर आहे, आणि दुसऱ्यांच्या गाड्याही तो तसाच बघतो.

तर उद्या आपापल्या गाडीचं टर्मिनल एकदा हलवून बघा. पण आधी किल्ली काढून, आणि हातातल्या पाटल्या उतरवून.